पिकअपसाठी हिवाळी टायर आणि रिम : पैसा कुठे घालावा, कुठे वाचवावा

कॅनडात पहिल्यांदाच पिकअप घेतलेल्या आपल्याकडच्या माणसाला टायरचे दोन संच ठेवण्याचा सल्ला मिळाला, की हा खर्च वाढवण्याचा डाव आहे असे वाटते; पुण्यात किंवा नागपुरात टायर बदलायचा तो गुळगुळीत झाल्यावरच, ऋतू पाहून नव्हे. परंतु तापमान सुमारे ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले, की नेहमीच्या ऑल-सीझन टायरचे रबर कडक होऊ लागते आणि खाचा कितीही खोल असल्या तरी पकड कमी होते. पिकअपच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. हौदा रिकामा असताना मागच्या चाकांवर वजन थोडेच येते, त्यामुळे वळणावर गाडीची मागची बाजू आधी घसरते. फोर-व्हील ड्राइव्हमुळे गाडी बर्फातून सहज निघते, पण थांबवताना तिचा उपयोग नसतो. म्हणून दोनच हिवाळी टायर घेऊन पैसे वाचवण्याचा विचार सोडून द्यावा. चारही टायर चांगले घ्यावेत आणि काटकसर रिममध्ये करावी.

आपल्या प्रांताचा नियम आधी पाहावा. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर सक्तीचे आहेत. ब्रिटिश कोलंबियात बहुतेक महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून ते लागतात. तिथे एम+एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) चिन्हाचे टायरही चालतात, मात्र खाचांची खोली किमान ३.५ मिलिमीटर असावी लागते. ऑन्टारिओत सक्ती नाही, पण हिवाळी टायर बसवल्यास २०१६ पासून विमा कंपन्यांना हप्त्यात सवलत द्यावी लागते. ती थोडी असली तरी दरवर्षी मिळते, म्हणून पावती जपून ठेवावी.

टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह आहे का, ते पाहावे. एम+एस ही अक्षरे केवळ खाचांच्या रचनेबद्दल सांगतात, त्यामागे बर्फावरची कोणतीही चाचणी नसते. डोंगराच्या चिन्हामागे ती असते. पिकअपवाल्यांची फसगत मात्र इथेच होते. अनेक दणकट दिसणाऱ्या ऑल-टेरेन (कच्च्या रस्त्यांसाठीच्या) टायरवरही हे चिन्ह असते, पण ही चाचणी दाबलेल्या बर्फावर टायर किती जोर धरतो एवढेच मोजते. काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यानंतर काय होईल, हे त्यातून कळत नाही. तिथे मऊ रबराचा आणि बारीक चिरांच्या नक्षीचा खरा हिवाळी टायरच उपयोगी पडतो. व्हँकुव्हरच्या आसपास, जिथे बर्फ क्वचित पडतो, तिथे हेच डोंगराचे चिन्ह असलेला ऑल-वेदर टायर (हा ऑल-सीझनपेक्षा वेगळा) वर्षभर वापरून दुसऱ्या संचाचा खर्च टाळता येतो. एडमंटन किंवा विनिपेगमध्ये राहणाऱ्याने हा मार्ग धरू नये.

सर्वात जास्त पैसे वाचतात ते मापात. चालकाच्या दाराच्या खांबावरील पट्टीवर मूळ टायरचे माप आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. समजा, आपल्या फोर्ड एफ-१५० वर २७५/५५ आर २० हे टायर आहेत; यातला शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचात सांगतो. त्यांचा एकूण व्यास सुमारे ८१० मिलिमीटर भरतो. २७५/६५ आर १८ या मापाचा व्यास सुमारे ८१५ मिलिमीटर, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. स्पीडोमीटरला तो जाणवतही नाही. १८ इंची टायर साधारणपणे २० इंचीपेक्षा स्वस्त मिळतो आणि त्याची बाजू उंच असल्यामुळे बर्फाखाली दडलेल्या खड्ड्यात रिमला मार कमी बसतो. फक्त लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासणार नाही ना, याची खात्री करावी. आपल्याच मॉडेलच्या आणि वर्षाच्या साध्या आवृत्तीवर कंपनी त्या मापाची रिम देत असेल, तर बहुतेक वेळा शंका उरत नाही. मोठे ब्रेक असलेल्या आवृत्तीची मात्र वेगळी चौकशी करावी.

टायरचा भारांक (तो किती वजन पेलतो हे सांगणारा, बाजूवर छापलेला आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नसावा. अर्ध्या टनी, म्हणजे एफ-१५० च्या वर्गातल्या पिकअपवर हिवाळ्यात जड ट्रेलर ओढायचा नसेल, तर महागडा, दहा प्लायचा एलटी (लाइट ट्रक, म्हणजे जड भारासाठीचा) टायर घेण्याचे कारण नाही. रिकाम्या गाडीला तो उगाच कडक पडतो. एफ-२५० किंवा त्याहून मोठ्या पिकअपला मात्र एलटी टायरच लागतो, तिथे तडजोड करू नये.

रिम वेगळी घेणे सुरुवातीला उधळपट्टी वाटते. पण एकाच रिमवर वर्षातून दोनदा टायर उतरवून-चढवून घेण्याचा आणि बॅलन्सिंगचा खर्च मांडला, तर काही हिवाळ्यांत रिमचे पैसे निघतात, शिवाय चाके घरीच बदलता येतात. नवी स्टीलची रिम स्वस्त असते, मात्र बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर तिला गंज चढतो. माझ्या मते त्याहून चांगला सौदा म्हणजे, हौशी मालकांनी नवी गाडी घेताच काढून विकलेल्या कंपनीच्या मूळ रिम. त्या किजिजी या जुन्या वस्तूंच्या जाहिरातींच्या संकेतस्थळावर वर्षभर दिसतात आणि वसंत ऋतूत, टायरची कोणालाच घाई नसते तेव्हा, भाव करायला वाव असतो.

अशी रिम घेताना डोळ्यांवर भिस्त ठेवू नये. २००४ नंतरच्या एफ-१५० ला ६×१३५ मिलिमीटरची बोल्ट-रचना (१३५ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर सहा बोल्ट) लागते, तर शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० ला ६×१३९.७ मिलिमीटरची. दोन्हींना सहाच भोके असतात, फरक पाच मिलिमीटरही नाही, आणि तरीही एकाची रिम दुसऱ्याला बसत नाही. राम १५०० या पिकअपने तर २०१९ च्या नव्या रचनेत पाचाऐवजी सहा बोल्ट घेतले, त्यामुळे केवळ नाव ऐकून रिम उचलू नये. मधल्या भोकाचा व्यास आणि ऑफसेटही (रिमची गाडीला टेकणारी बाजू तिच्या मध्यरेषेपासून किती अंतरावर आहे ते माप) जुळला पाहिजे. नटांचे आटेही तपासावेत. एफ-१५० चे आटे २०१५ मध्ये बदलले, म्हणून जुन्या गाडीचे नट नव्या गाडीला चालत नाहीत.

रिमसोबत जुने टायर मिळत असतील, तर बाजूवरील, डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचावेत. ३६२२ म्हणजे २०२२ सालच्या ३६ व्या आठवड्यात बनलेला टायर. सहा वर्षांपेक्षा जुना हिवाळी टायर, खाचा खोल दिसल्या तरी, मी फुकटही घेणार नाही. खाचांची खोली ४ मिलिमीटरच्या खाली गेली असेल किंवा टायरच्या बाजूवर पंक्चरचा जोड असेल, तर तो सौदा सोडावा.

चाकात बसणारे, हवेचा दाब दाखवणारे सेन्सर कॅनडात कायद्याने सक्तीचे नाहीत. ते न बसवल्यास डॅशबोर्डवर हिवाळाभर दिवा पेटलेला राहील. तो चालणार असेल, तर एवढे पैसे वाचले. मग मात्र दाब दर पंधरा दिवसांनी हाताने मोजावा, कारण तापमान साडेपाच-सहा अंशांनी उतरले की साधारण एक पीएसआय दाब कमी होतो.

चाके बसवण्यापूर्वी हबवरचा (रिम जिथे टेकते त्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशने खरवडून काढावा. नट आलटून-पालटून समोरासमोरचे आवळावेत आणि शेवटी टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मोजणारा) वापरावा. नव्या एफ-१५० साठी १५० फूट-पौंड हा आकडा आहे. बोल्टच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये, त्यामुळे नट प्रमाणाबाहेर आवळला जातो. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर सर्व नट पुन्हा एकदा तपासावेत आणि वाळूच्या दोन-तीन पिशव्या मागच्या आसावर येतील अशा बेताने हौद्यात पक्क्या बांधाव्यात.