म्यू गळला आणि डोस हजारपट झाला

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टच्या वेळची गोष्ट. द्रावणाचं प्रमाण सरांना ईमेलने कळवायचं होतं. वर्डमध्ये सिम्बॉल फॉन्ट निवडून इंग्रजी 'एम' दाबला की म्यू, म्हणजे 'मायक्रो'साठीचं ग्रीक अक्षर, उमटायचा, मी तसाच टाइप केला आणि तिथून कॉपी-पेस्ट केलं. पेस्ट करताना फॉन्ट गळला, खालचा नुसता 'एम' उरला. मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅमचे झाले ५० मिलिग्रॅम. सरांचा फोन आला, "अगं, एवढं विरघळेल तरी का?" त्यांनी विचारलं म्हणून निभावलं.

नव्याने प्रयोगशाळेत येणाऱ्यांना मी हे आधी सांगते, कारण चूक गणिताची नव्हती.

घातांकाचंही तसंच. वर चढवलेला ६ पेस्ट करताना खाली उतरतो आणि दहा लाखांचे १०६ होतात. म्हणून १०^६ लिहा. भोकं पाडून संगणकाला मजकूर द्यायच्या पंचकार्डावर अंक वर चढवायची सोय नव्हती, तेव्हा १९५७ च्या फोरट्रान या संगणक-भाषेनेही घातासाठी दोन तारेच घेतले, १०**६. पायथन या भाषेत आजही तेच चालतात. मात्र उणे चिन्ह असेल तर कंस हवाच: -३^२ ला एक्सेल ९ म्हणतं, पायथन त्याच्याच पद्धतीने लिहिलं तरी -९. माझा अर्धा दिवस यात गेला आहे.

कंसांची कंजूषी तर नकोच. वहीत आडवी रेघ अंश-छेद वेगळे ठेवते. टाइप करताना ती रेघ जाते आणि अ+ब/क+ड मध्ये भागाकार फक्त ब आणि क चा होतो. (अ+ब)/(क+ड) असं लिहा. वर्गमूळाखाली काय काय येतं, तेही कंसातच.

ग्रीक अक्षरं आता युनिकोडमुळे थेट टाइप होतात, पण तिथे म्यू दोन आहेत: एक ग्रीक अक्षर, दुसरं 'मायक्रो'चं चिन्ह. दिसायला सारखेच, माझ्या फाइलमध्ये शोधताना निम्म्या नोंदी सापडेनात. न्यू हे ग्रीक अक्षर आणि इंग्रजी व्ही तर शेजारी आले की ओळखूच येत नाहीत. प्रवाहाच्या रेनॉल्ड्स नंबरमध्ये वेग (व्ही) वर आणि न्यू खाली, वाचणारा सरळ दोन्ही छेदून टाकेल! अशा वेळी अक्षराचं नाव लिहावं. डोनाल्ड नुथ यांच्या टेक या गणिती मजकूर जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्येही तेच करतात: उलटी तिरकी रेघ आणि पुढे अल्फा, बीटा असं नाव.

पाठवण्याआधी मी सगळं एकदा नोटपॅडमध्ये पेस्ट करून वाचते. डोसचा आकडा असेल तर 'मायक्रोग्रॅम' अक्षरी लिहिते, तक्त्यात जागा कितीही कमी असली तरी.