स्लॅकवरचं टेस्टिंग अप्रूव्हल दोनदा जात होतं, ते असं सुटलं

नागपुरात मिहानमधल्या आमच्या टीमचं टेस्टिंग साइन-ऑफ (तपासणीनंतरची मंजुरी) स्लॅक या ऑफिस चॅट अ‍ॅपवर चालतं. ‘अप्रूव्ह’ दाबलं की एरर दिसायचा, टेस्टर परत दाबायचा आणि जेनकिन्सकडे, म्हणजे बिल्ड आणि डिप्लॉय आपोआप चालवणाऱ्या टूलकडे, तीच मंजुरी दोनदा जायची. क्लिक झाली की स्लॅकला ३ सेकंदांत २०० (‘मिळालं’ सांगणारा एचटीटीपी कोड) हा रिप्लाय लागतो, नाहीतर एरर दिसतो. आमचा सर्व्हर आधी जेनकिन्सचं काम उरकत बसायचा. आता आधी २००, मग काम रांगेत. बिल्ड नंबर बटणाच्या व्हॅल्यूत टाकला, त्यामुळे त्याच बिल्डची दुसरी क्लिक सर्व्हरला ओळखू येते आणि तिथेच गळते.

क्लिकसोबत स्लॅक उत्तरासाठी जी लिंक देतं, ती रिस्पॉन्स यूआरएल ३० मिनिटांत ५ वेळाच चालते. डिप्लॉय लांबला की शेवटचं ‘झालं’ उमटतच नाही; त्यापेक्षा चॅनल आयडी आणि मेसेजचा टाइमस्टॅम्प साठवून चॅट-अपडेट (chat.update, जुना मेसेज बदलणारी स्लॅकची एपीआय मेथड) वापरा.

इमोजीला मंजुरी धरूच नका. मेसेज एडिट झाला तरी अंगठा तसाच राहतो, मग तो कोणत्या बिल्डला होता हे कुणी सांगावं?