पिकोलित घेताना आणि ओतताना

ईशान्य इटलीतल्या फ्रिउलीची पिकोलित ही गोड वाईन महाग असते, कारण वेलीवर पीकच कमी येतं. फुलांचे पराग वांझ, म्हणून फळधारणा नीट होत नाही आणि घडात मोजकेच मणी धरतात. पण त्यांत साखर भरपूर. घेताना लेबलवर ‘कोल्ली ओरिएंताली देल फ्रिउली पिकोलित’ आणि डीओसीजी (इटलीतल्या वाईनचा सर्वोच्च दर्जा, या वाईनला २००६ पासून) बघा. यात किमान ८५ टक्के पिकोलित द्राक्ष लागतं. ‘च्याल्ला’ (त्याच भागातलं एक छोटं क्षेत्र) लिहिलं असेल तर १०० टक्के.

१० ते १२ अंश सेल्सिअसला, छोट्या ग्लासात ५०-६० मिली पुरे. फ्रीजमधून काढून लगेच ओतू नका. अति गारठ्यात मधाचा, जर्दाळूचा वास दबतो. सोबत मुरलेलं मोंतासिओ चीज फार सुरेख लागतं. गुलाबजाम मात्र नको, त्यापुढे वाईन आंबट वाटते.