ओल्या वाळूवर आयकिडो : अंतर, टायमिंग आणि नजर कशी जमवायची

आयकिडो ही जपानी युद्धकला शिकायला लागलं की सगळं लक्ष मनगट कसं धरायचं आणि कुठे वळवायचं याच्यावरच जातं, माझंही पहिली दोन वर्षं तेच झालं. पण हात लागायच्या आधीच अर्धं काम झालेलं असतं नाहीतर बिघडलेलं असतं. ते समजून घ्यायला ओहोटीच्या ओल्या वाळूसारखी जागा नाही, कारण तिथे पाय काय करतात ते उमटतं. मी गुहागरच्या किनाऱ्यावर करतो, तुम्ही हर्णै-मुरुड, वेंगुर्ला कुठेही करा.

आधी वेळ बघा. अमावस्या-पौर्णिमेला आपल्याकडे भरती दुपारी बाराच्या आसपास असते म्हणजे ओहोटी सकाळी सहाच्या सुमाराला, आणि पुढे रोज साधारण 50 मिनिटं उशीर धरायचा. नुकतं पाणी उतरलेला कडक पट्टा निवडा, सुरूच्या बाजूची कोरडी वाळू नको, तिथे पाय रुततो आणि वळताना गुडघ्यावर ताण येतो. आणि एक मनापासून सांगतो, ओल्या वाळूवर कुणाला पाडू नका, ती फरशीसारखी लागते. पडायचं शिक्षण मॅटवर, सेन्सेईंच्या म्हणजे शिक्षकांच्या समोरच.

आता अंतर, जपानीत माआई. दोघांनीही एक पाय पुढे टाकून तिरकं उभं राहायचं, याला हान्मी म्हणतात. पुढचे हात लांब करा, बोटांची टोकं जेमतेम भिडली पाहिजेत, मग हात खाली सोडा आणि दोघांच्या पुढच्या पायासमोर अंगठ्याने रेघ ओढा. या अंतरावरून समोरच्याला तुमच्यापर्यंत यायला एक पूर्ण पाऊल टाकावंच लागतं आणि ते पाऊल म्हणजेच तुम्हाला मिळालेला वेळ. अंतर कमी पडलं तर कितीही चपळ असा, उपयोग नाही. पार्टनर उंच असेल तर त्याचा हात लांब पोचतो म्हणून रेघ त्याच्या मापाने ओढायची, आपल्या नाही. इथे बहुतेकजण चुकतात.

मग टायमिंग. पार्टनरने एक पाऊल टाकून हाताच्या कडेने डोक्यावर सरळ वार करायचा, शोमेनउची, अगदी सावकाश. तुम्ही तीनदा वेगवेगळ्या वेळी हला. पहिल्यांदा मुद्दाम लवकर, त्याचा हात नुकता उचलला जातोय तेव्हाच, मग दिसेल की तो आरामात दिशा बदलून तुमच्या मागे येतो. दुसऱ्यांदा उशिरा, हात खाली येताना, तेव्हा तुम्ही खांद्याच्या जोरावर नुसते अडवत बसता. तिसऱ्यांदा त्याचं वजन पुढच्या पायावर पडायला लागलं की लगेच तिरकं पुढे आत शिरा, याला इरिमी म्हणतात. वजन टाकलेला पाय त्याला आता परत घेता येत नाही. होडी पाण्यात लोटणारे लाट फुटेपर्यंत थांबतात आणि फुटली की एकदम रेटतात, तसंच हे, थांबणं आणि जाणं यांच्यामध्ये विचाराला जागाच नसते.

प्रत्येक वेळी थांबून ठसे वाचा, घाई करू नका, माझ्या मते सगळ्यात जास्त शिक्षण इथेच आहे. पार्टनरचे ठसे सरळ रेषेत असतील, तुमचे त्या रेषेच्या बाहेर गेलेत का? नसतील तर तुम्ही वाराच्या वाटेतच उभे होता. टाच खोल आणि चवडा हलका उमटला असेल तर अंग मागे गेलं होतं, बहुतेक भीतीने. वळून बाजूला जाण्याच्या तेन्कानमध्ये ज्या पायावर फिरलात तिथे छोटा गोल खळगा दिसायला हवा, लांब फरफटलेली खूण असेल तर तोल गेलेला.

नजर मुठीवर लावायची नाही. जपानी मंडळी एन्झान नो मेत्सुके म्हणतात, म्हणजे दूरच्या डोंगराकडे बघावी तशी नजर. आपल्याला डोंगर कशाला, समुद्र आहे. क्षितिजावरची एखादी होडी बघा आणि तिच्यावरून नजर न हलवता पायाशी येणारी लाट, बाजूला चालणारी माणसं हेही दिसू द्या. तीच नजर तशीच वळवून पार्टनरच्या छातीकडे आणा, त्याचे खांदे आणि पाय दोन्ही एकदम दिसतात आणि वजन कधी सरकलं तेही आधी कळतं. मोरिहेई उएशिबा, ज्यांनी आयकिडो घडवला, 1883 साली तानाबे गावात जन्मले, तेही समुद्रकाठचंच गाव आहे आणि मला ते वाचून फार आनंद झाला होता.

हे जमलं की काठी घ्या. जो म्हणजे साधारण 128 सेंटीमीटरची काठी, लाकडी तलवार म्हणजे बोक्केन एक मीटरच्या आसपास. हत्यार आलं की अंतर वाढतं, जुन्या रेघा पुसून नव्या ओढाव्या लागतात. दहा मिनिटं काठी, मग लगेच मोकळ्या हातांनी पुन्हा तेच, आणि प्रत्येक वेळी संपल्यावर पाठ फिरवायची नाही, दोन श्वास होईपर्यंत पार्टनरकडेच तोंड आणि लक्ष, हे झान्शिन, मगच मागे होऊन परत आपापल्या रेघेवर.