मुलांचे वापरलेले कपडे घेताना-विकताना या चुका टाळा

लहान मुलांच्या वापरलेल्या कपड्यांच्या दुकानात वाद बहुतेक दोनच ठिकाणी होतात. एक गल्ल्यापाशी, ‘काल नेलेला फ्रॉक बसतच नाही’ म्हणून. दुसरा कपडे जमा करून घेतात तिथे, ‘अहो, एकदाच घातलाय’ म्हणून. दोन्हीकडे माणसाने लेबल वाचलेलं असतं, किंमत वाचलेली असते आणि कपडा उलटा करून बघितलेला नसतो.

वय बघून कपडा उचलणे

वय हे माप नव्हे. काही अमेरिकी ब्रँडचा ‘१२ एम’ म्हणजे ९ ते १२ महिने, तर दुसऱ्या कुणाचं तेच लेबल १२ महिन्यांपासून पुढे सुरू होतं. युरोपी कपड्यावरचा ८० किंवा ८६ हा आकडा मुलाची उंची सांगतो, सेंटिमीटरमध्ये. आपल्याकडच्या फ्रॉकवर २० किंवा २२ असेल तर ती बहुधा फ्रॉकची उंची, इंचांत. शिवाय वापरलेला सुती कपडा धुऊन धुऊन आटलेला असतो. ‘२-३ वर्षे’ लिहिलेला टी-शर्ट दीड वर्षाच्या मुलाला नेमका बसला, तर कुणी फसवलं असं होत नाही. उलट जे आटायचं ते आटून झालेलं असतं, त्यामुळे आज घेतलेलं माप पुढेही टिकतं. नव्या कपड्यात ही खात्री नसते.

घरून निघताना मुलाला आज नीट बसणारा एक कपडा पिशवीत टाका, आणि एक टेप. दुकानात दोन्ही कपडे सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत आणि खांद्यापासून खालच्या काठापर्यंत मोजा. रुंदीला एक इंच आणि उंचीला दोन इंच जास्त मिळाले की पुरे. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून चार-चार इंच मोठं घेणारे हमखास भेटतात. तो कपडा बसेपर्यंत मोसम उलटलेला असतो. पॅंटची कंबर इलॅस्टिक न ताणता मोजा, मग ताणून सोडा. ते पटकन मागे आलं नाही तर इलॅस्टिक मेलेलं आहे. बदलता येतं, पण मग किंमत त्या हिशेबाने बघा.

गळ्याचं माप कुणीच घेत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाचं डोकं छातीएवढं किंवा तिच्याहून मोठं असतं, त्यामुळे खांद्यावर टिचबटण नसलेला घट्ट गळ्याचा टी-शर्ट अंगाला बसणारा असूनही डोक्यातच अडकतो. परकर-पोलकं घेत असाल तर आतल्या शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, किती आहे ते आधी बघा. अर्धा इंच माया असली तर दिवाळीचं पोलकं पुढच्या दिवाळीलाही चालतं.

स्वच्छ दिसतो म्हणजे स्वच्छ आहे असं धरून चालणे

पुण्यातल्या अशाच एका दुकानातला किस्सा. एक बाई बाळाची झबली, टोपडी, दुपटी असे तीसेक कपडे विक्रीला ठेवून गेल्या. सगळं धुतलेलं, इस्त्री केलेलं, पांढरंशुभ्र. दोन महिन्यांनी न विकलेले कपडे परत न्यायला आल्या, तर निम्म्या झबल्यांवर पिवळे डाग. बाई संतापल्या: तुमच्याकडे ओल आहे, तुम्ही माल खराब केलात. मालकिणीने झबली टेबलावर ओळीने पसरली. ओलीचे डाग कुठेही पडतात, बहुधा घडीच्या बाहेरच्या बाजूला. इथे मात्र प्रत्येक डाग गळ्याखाली नाहीतर खांद्यावर होता, म्हणजे जिथे बाळ दूध काढतं तिथेच. बाईंनी मान्य केलं नाही. घरी जाऊन सगळी झबली कपडे धुण्याचा सोडा घालून उकळली आणि डाग कायमचे पक्के करून घेतले.

होतं असं की साध्या धुण्यात दुधातला स्निग्धांश आणि प्रथिनं पूर्ण निघत नाहीत. ओल्या कपड्यावर ते दिसत नाहीत, वाळल्यावरही दिसत नाहीत. हवेशी संयोग होऊन काही आठवड्यांत, काही महिन्यांत पिवळे पडतात. माळ्यावरच्या बॅगेतून काढलेले कपडे ‘आपोआप’ पिवळे झालेले असतात ते यामुळेच. आणि उकळत्या पाण्याने प्रथिनं धाग्यात गोठून बसतात, म्हणून गरम पाणी आधी कधीच नाही.

आधी गार पाणी आणि एन्झाइमवाला डिटर्जंट, तासभर भिजवणे. नंतर हाताला सोसेल इतकं कोमट पाणी, त्यात ऑक्सिजन ब्लीचची (क्लोरीन नसलेली) पावडर पाकिटावरच्या प्रमाणात, आणि चार ते सहा तास थांबणे. मग खळबळून उन्हात. जुना डाग असेल तर हे दोनदा करावं लागतं. लोकर आणि रेशमावर ही पावडर वापरू नका. क्लोरीनचं ब्लीच तर हातातच घेऊ नका. त्याने इलॅस्टिक जातं आणि कापड विरतं. ‘पाच मिनिटांत डाग गायब’ शोधणाऱ्यांनी निदान आपल्याच कपड्यांवर प्रयोग करावेत, विकायच्या नाही.

हळदीच्या डागाची भानगड वेगळी. साबण लागला की तो लाल होतो आणि लोक घाबरून आणखी सोडा चोळतात. चोळू नका. साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा आणि दोन-तीन दिवस कडक ऊन दाखवा, हळद उन्हात उडते.

घेणाऱ्यांनी कपडा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली न बघता दाराशी, उजेडात बघावा. गळा, खांदे, बाह्यांची टोकं आणि गुडघे. ओल्या पांढऱ्या रुमालाने आतल्या शिवणीवर दोनदा घासून बघा, रंग जात असेल तर तिथेच कळेल.

डांबराच्या गोळ्या

या बाबतीत ‘आमच्याकडे वर्षानुवर्षं वापरतात’ हे उत्तर ऐकून घ्यायचं कारण नाही. डांबराच्या गोळ्यांत नॅफ्थलीन असतं. त्याची वाफ कपड्यात मुरते आणि श्वासातून, त्वचेतून बाळाच्या अंगात जाते. ज्या बाळात जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असते त्याच्या तांबड्या पेशी यामुळे फुटतात आणि तीव्र कावीळ होते. ही कमतरता मुलग्यांत जास्त आढळते आणि बाहेरून ओळखू येत नाही. आपल्याकडे तर बाळाला रोज तेल चोळायची पद्धत, आणि तेल लावलेल्या त्वचेतून नॅफ्थलीन जास्त शोषलं जाऊ शकतं. कितीतरी घरांत बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालत नाहीत, जुनंच मऊ कापड शोधतात. पद्धत चांगलीच आहे, फक्त ते जुनं कापड ट्रंकेतल्या गोळ्यांतून आलेलं नसावं.

वास ओळखायचा उपाय सोपा आहे. कपडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दहा-पंधरा मिनिटं उन्हात ठेवा आणि पिशवी उघडून लगेच हुंगा. दुकानात ते जमत नसेल तर घडीच्या आत नाक घाला, वरवर नको. अत्तर मारलेला कपडा दिसला तर आणखी संशय घ्या. मोठ्या मुलाच्या कपड्याला हा वास असेल तर तीन-चार दिवस मोकळ्या हवेत टांगून, धुऊन, वास पूर्ण गेल्यावरच घाला. तान्ह्या बाळासाठी मात्र घेऊच नका, स्वस्त असला तरी.

ठेवताना गोळ्यांची गरजही नसते. कसर लागते ती मळक्या लोकरीला आणि रेशमाला. नीट धुतलेले, खडखडीत वाळलेले कपडे हवाबंद डब्यात ठेवले की झालं. स्टार्च मात्र काढून टाका, त्यावर झुरळं आणि कागदकिडे येतात.

बाकीच्या, थोडक्यात

टोपीच्या किंवा गळ्याच्या नाड्या ओढून काढून टाका. घसरगुंडीत अडकून गळफास बसतो, म्हणून अमेरिकेत १९९६ पासून लहान मुलांच्या जॅकेटला अशा नाड्या नकोत अशी मार्गदर्शक सूचना आहे. जुन्या मालात त्या अजून दिसतात.

बटणं, मणी, टिकल्या चिमटीत धरून ओढून बघा. दुकानात निघाली तर ओशाळू नका, घरी बाळाच्या तोंडात जाण्यापेक्षा बरं.

वापरलेले बूट घेऊ नका. तळवा आधीच्या पायाच्या आकाराने बसलेला असतो.

शाळेचा गणवेश घेण्याआधी शाळेने यंदा रंग किंवा बिल्ला बदलला का ते विचारा. विचारत कुणी नाही, जूनमध्ये रडतात सगळे.

बोरन्हाणाचं काळं झबलं विकायचं असेल तर डिसेंबरात आणा. रथसप्तमी झाली की त्याला गिऱ्हाईक नाही, दुकानात जागाही नाही. आणि त्याला चिकटलेला हलवा कोमट पाण्याने काढून आणा, नाहीतर मुंग्या शेजारच्या दहा कपड्यांत जातात.

विकताना छापील किमतीचा हिशेब

छापील ९०० रुपयांच्या फ्रॉकचे ४५० मिळावेत अशी अपेक्षा घेऊन येणारे निराश होतात, मग ‘बोहारणीला दिला असता तर भांडं तरी आलं असतं’ म्हणतात. समजा तो फ्रॉक ३०० ला विकला गेला आणि दुकानाशी निम्म्याचा करार असेल, तर हातात दीडशे येतात. दुकान भाडं, इस्त्री आणि न विकला गेलेला माल यातूनच भागवतं. जोडी सुटलेले सेट, तुटलेली चेन, वर पेनाने नाव लिहिलेले कपडे आणू नका. त्यांचा भाव होत नाही, नुसता वेळ जातो. कपडे ठेवताना पैसे रोख की बदल्यात कपडे, किती दिवसांनी भाव उतरवणार आणि न विकलेले कधीपर्यंत न्यायचे, हे तिन्ही पावतीवर लिहून घ्या. मुदत संपल्यावर कपडे दान केले जातील असं बहुतेक पावत्यांवर खाली छापलेलं असतं, आणि ते वाचायला लोक मुदत संपल्यावर चष्मा लावतात.