पुस्तक जीव की प्राण असेल तर 'हॉबिट'चा शेवटचा पिक्चर कसा बघायचा

आधीच सांगते, खाली सगळे स्पॉयलर आहेत, शेवट सुद्धा. पुस्तक वाचलेल्यांसाठीच लिहितेय.

2014 च्या डिसेंबरमध्ये 'द बॅटल ऑफ द फाइव्ह आर्मीज' थिएटरला बघितला आणि बाहेर आले तेव्हा इतकी चिडले होते की बरोबरच्या मैत्रिणीशी धड बोलले पण नाही. लहानपणापासून टोल्किनच्या ज्या पुस्तकाची पारायणं केली त्याचा शेवट असा केला म्हणून अक्षरशः छातीत दुखल्यासारखं झालेलं. मग वर्षभराने घरी परत लावला, मोठं व्हर्जन, आणि ड्वार्फांचा राजा थोरिन, त्याच्या शेवटच्या सीनला ढसाढसा रडले. पहिल्या वेळेला मी पिक्चर बघतच नव्हते, मी पेपर तपासत होते, हे बरोबर, हे चूक, हे पुस्तकात नाही, अडीच तास हेच. म्हणून हे लिहितेय, तुमचं तसं होऊ नये म्हणून.

तर पहिली गोष्ट, पिक्चरच्या आधी पुस्तकाचा शेवट परत वाचू नका. मी आदल्या रात्री वाचला होता आणि तीच चूक झाली, एकेक वाक्य डोक्यात ताजं असलं की पडद्यावर जे वेगळं दिसेल ते टोचतं. पुस्तकात 19 प्रकरणं आहेत आणि हा पिक्चर साधारण चौदाव्यापासून सुरू होतो, म्हणजे शेवटच्या सहा प्रकरणांवर 144 मिनिटं. ती सहा प्रकरणं पिक्चर झाल्यावर वाचायला राखून ठेवा, ते सगळ्यात महत्त्वाचं आहे, त्यावर खाली येतेच.

वाचण्याऐवजी आधी दुसऱ्या भागाचा निदान शेवटचा अर्धा तास बघा, जमलं तर त्याच दिवशी. कारण तिसरा भाग श्वास न घेता सुरू होतो, स्मॉग ड्रॅगन उडत आलाय, तळ्यातलं गाव लेकटाउन पेटतंय आणि तुम्ही खुर्चीत नीट टेकायच्या आत तिथल्या बार्डचा बाण लागून ड्रॅगन संपलेला असतो. नुसता तिसराच लावला तर हे फार तुटक वाटतं, इतका मोठा ड्रॅगन आणि इतक्यात मेला? यात दोष कापाकापीचा आहे. मुळात दोन पिक्चर करायचे ठरलेले, 2012 च्या जुलैमध्ये तीन जाहीर झाले, आणि शिवण नेमकी इथे दिसते. सलग बघितलं की ती शिवण खूप कमी जाणवते.

व्हर्जन कुठलं? 164 मिनिटांचं एक्सटेंडेड घ्या. त्यात मारामारी आणि रक्त जास्त आहे, अमेरिकेत त्याला आर रेटिंग मिळालंय, त्यामुळे लहान मुलं बरोबर असतील तर थिएटरवालंच लावा. पण मोठ्यात थोरिनचा अंत्यविधी आहे आणि तो नसेल तर गोष्ट अर्धवट राहते. छोट्या व्हर्जनमध्ये आर्केनस्टोनचं शेवटी काय झालं हे कळतच नाही! ज्या रत्नापायी सगळे एकमेकांच्या जिवावर उठले ते गेलं कुठे? पुस्तकात ते थोरिनच्या छातीवर ठेवून त्याला डोंगराच्या पोटात पुरतात, मोठ्या व्हर्जनमध्ये ते दिसतं. मला थिएटरमध्ये सगळ्यात जास्त राग याचाच आलेला, आणि अजून मला वाटतं की तो सीन कापायला नको होता.

आता पुस्तकात नसलेल्या गोष्टी. बघताना सगळ्या एकाच पोत्यात भरू नका. काही गोष्टी टोल्किनच्याच आहेत, फक्त या पुस्तकात नाहीत. जादूगार गॅन्डाल्फ मधेच गायब होतो तो कुठे जातो, डोल गुल्डूरच्या किल्ल्यात काय झालं, याचा इथे नुसता उल्लेख आहे, बाकी माहिती 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये आणि त्याच्या परिशिष्टांमध्ये आहे, पिक्चरने ती धरून आपल्या पद्धतीने फुलवली. काही गोष्टी उचलल्या पण फिरवल्या, जसं की ऑर्क या राक्षसी टोळ्यांचा सरदार एझॉग. परिशिष्टाप्रमाणे तो या लढाईच्या खूप आधी, टोल्किनच्या कालगणनेतल्या तिसऱ्या युगाच्या 2799 साली डेन या ड्वार्फच्या हातून मेलाय आणि ही लढाई 2941 ची, म्हणजे 142 वर्षं आधी मेलेला माणूस (ऑर्क) इथे मुख्य व्हिलन आहे, आणि पुस्तकात लढाईला येतो तो त्याचा मुलगा बोल्ग. आणि काही गोष्टी पूर्ण नवीन, टॉरिएल ही एल्फ आणि लेकटाउनचा लबाड आल्फ्रिड. टॉरिएल मला आता पटते, कारण पुस्तकात बाईमाणूस जवळजवळ नाहीच आणि इव्हॅन्जेलिन लिलीने ती मनापासून केलीये. आल्फ्रिड मात्र मला आजही पटत नाही, जी मिनिटं त्याला दिली ती बिऑर्नला द्यायला हवी होती. पुस्तकात बिऑर्न अस्वलाच्या रूपात येतो, जखमी थोरिनला उचलून बाहेर नेतो आणि परत येऊन बोल्गला चिरडतो, आणि पिक्चरमध्ये? गरुडावरून उडी मारताना दिसतो न दिसतो तेवढ्यात संपला. हे दुःख खरं आहे, ते दाबू नका, पण तिथे थांबूही नका कारण पिक्चर पुढे चाललेला असतो.

मग लढाई. पुस्तकात ती एका प्रकरणात आहे, आणि त्यातही गोष्टीचा नायक, हॉबिट बिल्बो, त्याच्या डोक्यात वरून दगड पडतो आणि तो बेशुद्ध, शुद्धीवर येतो तेव्हा सगळं संपलेलं असतं. टोल्किनने हे मुद्दाम केलंय असं मला वाटतं, स्वतः पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईला होता तो, त्याला लढाईचं कौतुक नव्हतं. पिक्चरमध्ये हीच लढाई लांबच्या लांब चालते. ती बघायची माझी पद्धत सांगते, सगळ्या सैन्यांचा हिशोब ठेवायला जाऊ नका, कोण कुठून आलं हे कळलं नाही तरी काही बिघडत नाही. फक्त बिल्बो आणि थोरिन कुठे आहेत तेवढं बघत राहा. हे दोघं रेवनहिल टेकडीवर पोचले की परत पूर्ण लक्ष द्या. (पुस्तकात पण बिल्बो रेवनहिलवरच असतो, जागा तीच ठेवलीये, मला हे तिसऱ्यांदा बघताना लक्षात आलं.)

कारण हा पिक्चर मुळात या दोघांचा आहे, आणि तो धागा दिग्दर्शक पीटर जॅक्सनने कुठेच सोडलेला नाही. लढाईच्या खूप आधी एक सीन आहे, थोरिन सोन्याने वेडा झालाय, सगळ्यांवर संशय घेतोय, आणि त्याला बिल्बोच्या हातात काहीतरी दिसतं. तो दरडावून विचारतो. बिल्बो मूठ उघडतो तर आत ओकचं बी, बिऑर्नच्या बागेतून उचललेलं, घरी जाऊन लावणार म्हणतो. आणि थोरिन हसतो, काही क्षण जुना थोरिन परत येतो. हे पुस्तकात कुठेच नाही! तरी पुस्तकाचा अख्खा जीव त्यात आहे. इथे पॉज करा हवं तर. मार्टिन फ्रीमनचा चेहरा बघा, खिशात त्याने आर्केनस्टोन लपवलाय आणि मित्राला वाचवायचं कसं हे त्याला कळत नाहीये, ते सगळं दिसतं त्याच्या चेहऱ्यावर. पुढे थोरिन मरताना त्याला सांगतो की घरी जा, तुझी झाडं लाव, ती वाढताना बघ, तेव्हा ते बी आठवलं पाहिजे. मला पहिल्या वेळी आठवलंच नव्हतं कारण मी तेव्हा मनात म्हणत होते की पुस्तकात तो तंबूत मरतो, बर्फावर नाही.

त्यानंतर गॅन्डाल्फ येऊन बिल्बोच्या शेजारी बसतो आणि नुसता पाइप साफ करत राहतो, दोघंही एक शब्द बोलत नाहीत. तिन्ही पिक्चरमधला माझा सगळ्यात आवडता सीन. आणि घरी आल्यावर सामानाचा लिलाव चाललेला असतो (तो पुस्तकातला आहे), तिथे बिल्बो ओळख पटवायला थोरिनबरोबरचं करारपत्र दाखवतो आणि हा थोरिन कोण असं विचारल्यावर म्हणतो की तो माझा मित्र होता. तोवर मोबाइल हातात घेऊ नका प्लीज. शेवटचं गाणं पण पूर्ण ऐका, बिली बॉईडने म्हटलंय, म्हणजे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला आपला पिपिन.

आणि पिक्चर संपल्यावर काय करायचं. त्या दिवशी कुणाशी वाद घालू नका, कुठे मोठं काही लिहू नका, मी लिहिलं होतं आणि त्यातलं निम्मं आज खोडावंसं वाटतं. पुस्तक न वाचलेल्या मित्राला पिक्चर आवडला असेल तर त्याला लगेच चुका मोजून दाखवू नका, त्याला पुस्तक द्या. स्वतः दोन दिवस जाऊ द्या आणि मग ती राखून ठेवलेली सहा प्रकरणं वाचायला घ्या, घाई न करता, एका दिवशी एक. चौदावं वाचताना बार्डचा आवाज ल्यूक इव्हान्सचा येईल, येऊ दे. अठरावं, थोरिनच्या निरोपाचं, त्या दिवशी दुसरं काही वाचू नका. तिथे थोरिन पिक्चरसारखं झाडांचं बोलत नाही, साठवलेल्या सोन्यापेक्षा खाणंपिणं, हसणं आणि गाणं यांची किंमत जास्त कळली असती तर जग जास्त आनंदी असतं असं काहीसं म्हणतो, आणि मला तेच जास्त आवडतं, पण आता वाचताना बर्फ दिसतो आणि रिचर्ड आर्मिटेजचा चेहरा दिसतो आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

एकोणिसावं संध्याकाळी वाचा. त्यात बरीच वर्षं गेल्यावर गॅन्डाल्फ आणि थोरिनचा साथीदार बालिन बिल्बोच्या घरी येतात, जुन्या गप्पा होतात. पिक्चरमध्ये बिल्बो निघताना सगळ्या ड्वार्फांना चहाला या म्हणतो, पण त्यातलं कुणी आलेलं दाखवत नाहीत, आणि पुस्तकात बालिन खरंच येतो, दाढी अजून वाढलेली, आणि बिल्बो गॅन्डाल्फला हसून तंबाखूचा डबा देतो.