वासराला हगवण लागली तर: आधी पाणी, मग जंताचे औषध

वासरू पातळ हगू लागले की सिन्नर असो वा निफाड, पहिला हात जंताच्या बाटलीकडे जातो. पण चार दिवसांच्या वासराची हगवण जंतांची नसते. शिवाय हगवणीत वासरू दगावते ते बहुतेकदा अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. म्हणून क्रम बदला.

१. पाणी किती गेले ते पाहा. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच बसली तर ठीक. दोन-तीन सेकंद उभी राहिली, डोळे खोल गेले, तोंडात बोट घातल्यावर थंड लागले किंवा वासरू बोट चोखेना, तर पशुवैद्यकांना तातडीने बोलवा. अशा वासराला सलाईन लागते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

२. वासरू चोखत असेल तर पाजायला लागा. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झाले तर घातक ठरते. वासरांची तयार ओआरएस पावडर मिळाली तर ती अधिक चांगली. दिवसातून दोन-तीन वेळा, दर वेळी एक ते दोन लिटर, दोन दुधांच्या मधल्या वेळेत द्या. दूध बंद करू नका. उपाशी वासरू आणखी खंगते. चोखणाऱ्या वासराला निपलच्या बाटलीने पाजा. डोके वर ताणून नळकांड्याने ओतले तर पाणी फुफ्फुसात जाते, हे फार वेळा घडते.

३. वय मोजा. पहिल्या चार-पाच दिवसांतली हगवण बहुधा ई. कोलाय जिवाणूंची. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत रोटा, कोरोना हे विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी. तीन आठवड्यांनंतर शेणात रक्त, आव आणि कुंथणे दिसले तर कॉक्सिडिया (आतड्यातले एकपेशीय परजीवी) समजा. त्यावर साधे जंतनाशक चालत नाही, वेगळे औषध लागते.

गोल जंतांची ओळख निराळी: मातकट-पांढरट, घाण वासाचे शेण, सुटलेले पोट, राठ केस, माती चाटणे. म्हशीच्या पारडांत हे जंत विशेष आढळतात. गोठा आरशासारखा ठेवला तरी होतात, कारण आईच्या शरीरात दडलेल्या अळ्या विल्यानंतर दुधावाटे पिल्लाच्या पोटात उतरतात.

४. शेण तपासून घ्या. ताजे शेण स्वच्छ डबीत घेऊन त्याच दिवशी दवाखान्यात न्या. अंडी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. मात्र तीन आठवड्यांच्या आत जंत पुरते वाढलेले नसतात, तेव्हा अंडी न दिसणे म्हणजे जंत नाहीत असे नव्हे.

५. जंतनाशक वेळेवर द्या. पहिला डोस दहा ते पंधराव्या दिवशी, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा, पुढे दर तीन महिन्यांनी. औषध कोणते आणि किती, हे वजनावरून पशुवैद्यक ठरवतील. गळून गेलेल्या वासराला आधी सावरू द्या. औषधानंतर शेणातून पांढरट, लांब जंत पडले तर घाबरू नका. ते शेण उकिरड्यात खोल टाका.

६. पुढच्या वेतासाठी. जन्मल्यावर पहिल्या दोन तासांत चीक पाजा. दिवसभरात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात गेला पाहिजे. खरवस वासराचे पोट भरल्यावर. बेंबीला टिंक्चर आयोडीन लावा. इगतपुरी-पेठकडच्या पावसात वासरांची जागा उंच व कोरडी ठेवा. निफाडच्या थंडीत खाली भाताचा पेंढा अंथरा. आजारी वासरू वेगळे बांधा, त्याचे काम सगळ्यात शेवटी करा आणि हात साबणाने धुवा. क्रिप्टोस्पोरिडियम माणसालाही होतो, लहान मुलांना त्या कोपऱ्यात खेळू देऊ नका.